कर्ली खाडीतली बारा फुटी कायाक: फिश फायंडर आणि रॉड होल्डर कसे ठरले

मागच्या ऑक्टोबरात माझ्या मावसभावाने कायाक घेतली. बारा फूट लांब, बत्तीस इंच रुंद, सपाट पाठीवर बसून वल्हवायची, 'सिट-ऑन-टॉप' म्हणतात त्या जातीची. तो कुडाळला नोकरी करतो आणि रविवार मिळाला की मालवणजवळच्या देवबागला येतो. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथून आत, खाडीत तीन-चार किलोमीटरपर्यंत गरवायचं, एवढाच त्याचा बेत. मासे ठरलेले होते: तांबोशी, जिताडा, आणि नशिबात असेल तर खडकाजवळचा गोबरा.

मी गेली आठ वर्षं कायाकवरून गरवतो. तरीही सामान घेताना त्याने मला विचारलं नाही, आणि त्यात त्याची चूक मानायचं कारण नाही. व्हिडिओ बघून, याद्या वाचून त्याने आपल्या परीने अभ्यास केला होता. सात इंची पडद्याचा, साइड इमेजिंगवाला (बाजूचा तळही दाखवणारा) फिश फायंडर, चार रॉड होल्डर आणि यूपीएसला असते तशी सात एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी असा सगळा संच त्याने दिवाळीच्या सुट्टीत स्वतः बसवला. काम नीटनेटकं होतं. वायरी क्लिपांनी बांधलेल्या, पडदा बरोबर मधोमध.

पहिल्याच फेरीत एक रॉड रिळासकट खाडीत गेला.

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा चेहरा पडलेला होता. "दादा, होल्डरच उपटून गेला," एवढंच म्हणाला. पैशापेक्षा त्याला आपल्या हाताने केलेलं काम फसल्याचं जास्त लागलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कायाक अंगणात दोन टायरांवर ठेवली आणि एकेक गोष्ट उलगडत गेलो. पुढच्या सहा आठवड्यांत काय काढलं, काय ठेवलं आणि का, ते इथे सगळं लिहितो, कारण हीच सामग्री घेऊन याच चुका करणारे आणखी दोघे मला याच हंगामात भेटले.

नेमकं काय घडलं होतं

चार होल्डरपैकी दोन बैठकीच्या मागे, तिरके, कायाकच्या अंगात बसवलेले. हे मूळचेच, कंपनीतून आलेले. उरलेले दोन त्याने बाजारातून आणले: एक बैठकीच्या उजव्या बगलेला, एक पुढे पायांजवळ. दोन्ही साध्या सेल्फ-टॅपिंग स्क्रूंनी थेट प्लास्टिकात.

वल्हवत वल्हवत मागे आमिष ओढत न्यायचं, म्हणजे ट्रोलिंग करायचं, तर रॉड होल्डरात असतो आणि दोन्ही हात वल्ह्यावर. त्या दिवशी मासा लागला उजव्या बगलेच्या रॉडला. खोबणीतला रॉड झटक्याने मागे वाकला, दोन्ही स्क्रू प्लास्टिक सोडून निघाले आणि होल्डरासकट सगळं पाण्यात. त्याला कळलं ते 'फट्' असा आवाज आला तेव्हा. मान वळवेपर्यंत पाण्यावर फक्त बुडबुडे.

यात नवल काहीच नाही, साधं तरफेचं गणित आहे. होल्डरपासून रॉडचं टोक सहा फूट, म्हणजे सुमारे १८० सेंटिमीटर बाहेर. दोन स्क्रूंमधलं अंतर ५ सेंटिमीटर. प्रमाण ३६ पट. टोकाला ३ किलोचा ओढ आला तर स्क्रूवर १०८ किलोचा उपटा बसतो. रॉड वाकतो, त्यामुळे तरफ आखूड होते, हे खरं. पण निम्मं धरलं तरी ५० किलोच्या वर. चार मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकात आटे पाडून धरलेला स्क्रू तेवढं कुठून सोसणार? शिवाय रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोर किती ओढीला सुटेल ते ठरवणारा ब्रेक, त्याने पार आवळून ठेवला होता. होल्डरात असलेल्या रॉडचा ड्रॅग सैल हवा, दोर करकरत सुटेल इतका. मासा लागल्यावर रॉड हातात घेऊन मग आवळायचा.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षातच आली नव्हती. कायाक पालथी केली तर पोटातून दीड-दोन लिटर पाणी निघालं. स्क्रू गेले, भोकं उघडी राहिली आणि परत येईपर्यंत तासभर लाटेचे शिंतोडे आत जात होते. खाडीत होता म्हणून निभावलं. हेच मुखाशी, वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात तिथे झालं असतं तर पोटातलं पाणी एका कुशीला धावलं असतं आणि होडी कलंडली असती.

कमरेएवढ्या पाण्यातली परीक्षा

नवं काही बसवण्याआधी मी त्याला म्हटलं, "अरे, आधी पडून बघ." ओहोटी संपून पाणी थांबलेलं होतं. खाडीच्या बाजूला, कमरेएवढ्या पाण्यात, सगळं सामान जसंच्या तसं लावून कायाक नेली. रॉडच्या जागी बांबूच्या काठ्या खोचल्या. त्याने लाइफ जॅकेट घातलं आणि मुद्दाम उजवीकडे कलंडून पडला.

आधी कायाक सुलटी केली. दोन काठ्या सुटून वाहत निघाल्या, त्या मी धरल्या. बॅटरीचा डबा झाकणापर्यंत पाण्यात. मग तो चढायला लागला. सिट-ऑन-टॉपवर चढायची रीत अशी: पाय मागे फेकून पोटावर आडवं यायचं, मग कुशीवर वळून बूड बैठकीत टेकवायचं. पोट काठावर आलं आणि लाइफ जॅकेटचा छातीचा पट्टा बगलेच्या होल्डरच्या खुंटाला अडकला. तो धड वर नाही, धड खाली नाही. पट्टा सोडवून दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हा होल्डरचा खुंट बरगडीत रुतला. डावीकडून गेला तर फिश फायंडरचा सात इंची पडदा हाताच्या पंजाखाली आला आणि त्याची दांडी वाकली. चौथ्या प्रयत्नात चढला, धापा टाकत. पाय टेकायला वाळू होती म्हणून. खोल पाण्यात, वारा असताना, चौथा प्रयत्न करण्याइतकी ताकद राहिली असती असं मला वाटत नाही.

त्या रात्री पांढरी चिकटपट्टी घेऊन आम्ही कायाकवर रेघा मारल्या. डावी बाजू, बैठकीच्या पुढे दोन फूट ते मागे एक फूट, पूर्ण मोकळी. तिथे खुंट नाही, हुक नाही, पडदा नाही. चढायची जागा ती. ही रेघ आधी, बाकी सगळं नंतर. कायाकवर किती होल्डर बसतात याची चर्चा फार होते, चढायला कुठून मिळतं याची जवळजवळ नाही, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

मग दुसरी मापं घेतली. त्याला बैठकीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि हात पुढे करून सहज जिथे टेकतील तिथे खूण केली: बैठकीच्या पुढच्या कडेपासून साधारण ६० सेंटिमीटर. मग वल्हं हातात देऊन हवेतच पन्नास फटके मारायला लावले. वल्ह्याचं पातं पाण्यात शिरतं ते पायांच्या चवड्यांच्या आसपास. त्याने पुढचा होल्डर नेमका तिथेच लावला होता, म्हणून पहिल्या दिवशी दर तिसऱ्या फटक्याला वल्हं खटखट आपटत होतं. तो होल्डर गुडघ्यांच्या रेषेत, मधल्या बाजूला सरकवला तर वल्हंही मोकळं आणि हातही पोचतो.

शेजारचे तात्या हे सगळं पडवीतून बघत होते. त्यांचं आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, आणि होडीवर गेलेलं. एवढंच म्हणाले, "हात खंय पोचता तां बघ आदी." आम्ही पट्ट्या मारून जे शोधत होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पडदा मोठा, पाणी उथळ

रॉड होल्डरचं दुखणं उघड होतं. फिश फायंडरचं तसं नव्हतं. मशीन उत्तम होतं, चालतही होतं. प्रश्न एवढाच की ते या पाण्याला हवं होतं का.

फिश फायंडर काय करतो ते एकदा नीट समजून घेतलं की निवड निम्मी होऊन जाते. होडीखालचा ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली सोडतो, तळावर किंवा माशावर आपटून आलेला पडसाद ऐकतो आणि लागलेल्या वेळावरून खोली काढतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो. तीन मीटर पाण्यात जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. हा आवाज सरळ काठीसारखा जात नाही, उलट्या नरसाळ्यासारखा पसरत जातो. २०० किलोहर्ट्झला नरसाळ्याचा कोन सर्वसाधारणपणे २० अंशांच्या आसपास असतो. ८३ किलोहर्ट्झला तो ६० अंशांपर्यंत रुंदावतो.

आता कर्लीचं पाणी घ्या. आम्ही गरवतो तिथे ओहोटीला दोन-अडीच मीटर, मधल्या पात्रात भरतीला चार-पाच. तीन मीटर पाण्यात २० अंशांचं नरसाळं तळाशी जेमतेम १ मीटर रुंद होतं. म्हणजे मशीन बघतं ते जेवायच्या पाटाभोवती रांगोळी काढावी तेवढं वर्तुळ. ६० अंशांचं नरसाळं साडेतीन मीटर. तेच ३० मीटर खोल समुद्रात २० अंशांचा कोनही साडेदहा मीटरचा तळ कवेत घेतो. खोल पाण्यात ट्रॉलरला मशीन माशांचे थवे दाखवतं. उथळ खाडीत तेच मशीन तुमच्या बुडाखालचा मासा दाखवतं, आणि बुडाखालचा तांबोशी तुमच्या सावलीने केव्हाच सटकलेला असतो.

मग खाडीत याचा उपयोग काय? तळासाठी. माझा आग्रह याच एका गोष्टीवर आहे: उथळ पाण्यात फिश फायंडर मासे शोधायला घेऊ नये, तळ वाचायला घ्यावा. चिखलाच्या तळाची रेघ पातळ आणि फिकी येते, कारण चिखल आवाज शोषतो. खडकाची रेघ जाड, उजळ, आणि पुष्कळदा तिच्या खाली दुप्पट खोलीवर दुसरी फिकी रेघ उमटते. पडसाद पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन आलेला असतो. वाळू दोन्हींच्या मधली. चिखल संपून खडक कुठे लागतो, अडीच मीटरची कड एकदम चारवर कुठे उतरते, एवढं कळलं की पुरे. तांबोशी अशाच कडेला, आडोशाला, दबा धरून असतो.

या कामाला चार-पाच इंची पडदा भरपूर झाला. साइड इमेजिंग बाजूचा तळ छायाचित्रासारखा दाखवतं, हे खरंच सुंदर तंत्र आहे. पण त्याला होडी एका चालीने, सरळ रेषेत जावी लागते. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला कायाकचं नाक इकडून तिकडे होतं आणि चित्र नागमोडी येतं. शिवाय त्याचा लांबोडा ट्रान्सड्यूसर पाण्यात उघडाच ठेवावा लागतो, आणि देवबागच्या वाळूवरून कायाक दर रविवारी ओढत न्यायची आहे.

सात इंची मशीन आम्ही काढलं. ते त्याच्या मित्राने आनंदाने घेतलं. मित्राची आउटबोर्ड लावलेली फायबरची होडी आहे, तो बाहेर वीस-पंचवीस मीटर पाण्यात जातो, तिथे ते शोभतं. भावाने चार इंची, चर्प सोनार आणि जीपीएस खुणा असलेलं साधं मशीन घेतलं. चर्प म्हणजे एकाच सुराऐवजी खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत घसरत जाणारा ठोका. त्याने जवळजवळचे दोन पडसाद वेगळे ओळखू येतात. तळाला चिकटून बसलेला मासा तळापासून सुटा दिसायला हेच कामी येतं.

दोरीला बांधून फेकायचे, फोनवर चित्र दाखवणारे गोळेही मिळतात. काठावरून गरवणाऱ्याला ते छान. कायाकवर मात्र ओल्या, खारट हातांनी फोन सांभाळायचा, उन्हात त्याचा पडदा वाचायचा आणि गोळ्याची दोरी वल्ह्यात अडकू द्यायची नाही, हे तिन्ही एकदम जमत नाही. मी एक हंगाम करून पाहिलंय.

सोनोग्राफीची जेल

ट्रान्सड्यूसर कुठे बसवायचा यावर आमचे तीन रविवार गेले, आणि ते वाया गेले असं मी म्हणणार नाही.

जागा तीन. बाजूला दांडीवर, पाण्यात सोडून. कायाकच्या पाणी निघायच्या आरपार भोकात, ज्याला स्कपर म्हणतात. किंवा कायाकच्या पोटात, आतून तळाला चिकटवून. पहिली जागा आमच्या चढायच्या रेघेने बाद केली. उजवीकडे लावला तर वल्ह्याखाली येत होता. दुसरीत ट्रान्सड्यूसर तळातून किंचित बाहेर डोकावतो. वाळूवर घासतो, आणि खडकावर कालवं असतील तिथे त्याची खैर नाही. उरली तिसरी.

आतून आवाज बाहेर जाईल का, अशी शंका सगळ्यांनाच येते. जातो, कारण या कायाकचं अंग रोटोमोल्डिंगचं एकसंध पॉलिइथिलीन आहे, गच्चीवरच्या काळ्या पाण्याच्या टाकीसारखंच. एकेरी प्लास्टिकातून आवाज थोडा दबतो, पण तीन-पाच मीटर पाण्यात त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते हवेने. ट्रान्सड्यूसर आणि प्लास्टिक यांच्यात केसाएवढा हवेचा थर राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरतो. सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर गार जेल लावतात ते याचसाठी.

आम्ही तीच वापरली. औषधाच्या दुकानातून जेलची बाटली आणली, कायाक पाण्यात सोडली, झाकणातून हात घालून पोटात जेलचा गोळा टाकला आणि त्यावर ट्रान्सड्यूसर दाबून धरला. पहिल्या जागी पडद्यावर नुसता गोंधळ. तिथे तळाला दुमड होती. एक वीत मागे सरकवला, गोंधळ कमी झाला, खोली येईना. आणखी चार बोटं मागे, बैठकीच्या किंचित पुढे, जिथे तळ सपाट आणि एकसारखा होता, तिथे रेघ अशी स्वच्छ उमटली की भाऊ पोटात हात तसाच ठेवून ओरडला, "दादा, हीच!" पेन्सिलीने गोल केला. न चिकटवता जागा सापडली, हा जेलचा खरा फायदा. ती वाळते, म्हणून कायमच्या कामाची नाही.

कायमचं चिकटवणंही सरळ नव्हतं. पॉलिइथिलीनला सहसा काही चिकटत नाही. टाकीची गळती बुजवायचा ज्याने प्रयत्न केलाय त्याला हे माहीत असतं. भावाने आधी नळाच्या कामाची, दोन पुड्या मळून करायची एपॉक्सी लावली होती. ती आठ दिवसांत वडीसारखी निघून आली. शेवटी आम्ही ईव्हीए फोमचं कडं कापलं, पॉलिश पेपरने घासलेल्या जागेवर लवचीक मरीन चिकटद्रव्याने बसवलं, ट्रान्सड्यूसर त्या कड्यात घट्ट बसेल असा खोचला आणि खाली चमचाभर पाणी सोडलं. चिकटायचं काम कड्याचं, आवाज पोचवायचं काम पाण्याचं. दर फेरीला निघताना झाकणातून चमचाभर पाणी घालायचं, बस्स. एक तोटा राहतो: पाण्याचं तापमान खरं येत नाही, कायाकच्या पोटातलं येतं. खाडीतल्या गरवण्याला त्याने फरक पडत नाही.

बॅटरीचं थोडक्यात. चार इंची मशीन साधारण पाव अँपिअर खातं. आठ तासांना २ एएच. जुनी सात एएचची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरली तरी पुरते, पण वजन दोन किलोच्या वर आणि कायाक पालथी झाली की ओझं चुकीच्या जागी. आम्ही १२ व्होल्टची सहा एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली, किलोच्या आत. पॉझिटिव्ह वायरीवर बॅटरीच्या अगदी जवळ ३ अँपिअरचा फ्यूज. जोडांवर हीट-श्रिंक नळी आणि आत ग्रीस. खारं पाणी तांब्याला आतून हिरवं करतं, बाहेरून काही दिसत नाही आणि एके सकाळी पडदा काळा.

तीन होल्डर, चौथा नाही

मागचे दोन, अंगातले, ठेवले. ते नेण्या-आणण्यासाठी, मासा लागायची वाट बघण्यासाठी नाहीत. पाठीमागच्या रॉडचं टोक दिसत नाही, आणि कांदळाच्या फांद्यांखाली शिरलं की उभे रॉड अडकतात. खाजणात जाताना ते काढून पायांमध्ये आडवे ठेवायचे, अशी सवयच लावून घेतली. एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग दिसले तर उभा कार्बनचा रॉड म्हणजे विजेला आमंत्रण, तेव्हाही आडवेच.

पुढे एक, हाताला पोचणारा. हा थेट स्क्रूने नाही. आधी ॲल्युमिनियमची खाच असलेली पट्टी, ज्याला ट्रॅक म्हणतात, ती उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बसवली. जिथे पोटात हात पोचत होता तिथे आतून पत्र्याची पट्टी, रुंद वॉशर आणि नायलॉनच्या अस्तराचे नट. ओढ आता पूर्ण पट्टीभर वाटला जातो. जिथे हात पोचत नव्हता तिथे रबरी वेल-नट: बोल्ट आवळला की आतून रबर फुगतं, भोकही बुजवतं आणि पकडही घेतं. सगळे बोल्ट स्टेनलेस ३१६ चे. होल्डर ट्रॅकवर सरकतो, उंची-कोन बदलता येतो आणि किनाऱ्याला लागताना अर्ध्या मिनिटात उतरवता येतो.

होल्डर घेताना भावाने पहिल्यांदा एक गोष्ट पाहिली नव्हती: रिळाचा प्रकार. त्याच्याकडे स्पिनिंग रीळ, जे रॉडच्या खाली लोंबतं. साध्या नळीच्या होल्डरात त्याचा दांडा नीट टेकत नाही आणि झटका बसला की रॉड फिरतो. पुढे उघडी खाच असलेला होल्डर लागतो. तो दुकानात, आपला रॉड नेऊन, एका हाताने घालून-काढून बघावा. दुसऱ्या हातात वल्हं आहे असं समजून. वर उचलून काढायचा का पुढे ओढून, हे हाताला न बघता कळलं पाहिजे.

प्रत्येक रॉडला गुंडाळीचा दोर, वल्ह्यालाही. दोर लांब नकोत, पडल्यावर पायात येतात.

मग पुन्हा कमरेएवढं पाणी, पुन्हा उजवीकडे पडणं. या वेळी तो दुसऱ्या प्रयत्नात चढला. पहिल्यात हसायला आलं म्हणून घसरला. काठ्या दोरांना तरंगत होत्या, पडद्यावर खोली येत होती: ०.९ मीटर.

खाडीत

डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत तो जवळजवळ दर रविवारी गेला. सुरुवातीला मशीनवर मासळीची चित्रं चालू ठेवली होती, त्यामुळे तो चकत राहिला. ओहोटीला खाडीतून कुजका पाला, काटक्या, फेस वाहत असतो आणि मशीन पाण्यात लटकलेल्या कशालाही माशाचं चित्र चिकटवतं. ती सोय बंद केली, खोली आपोआपऐवजी ० ते ६ मीटरवर बांधून टाकली, तेव्हा चित्र शांत झालं. पडद्याची उजवी कड तेवढी 'आत्ता' असते, डावीकडचं सगळं मागे पडलेलं, हे अंगवळणी पडायलाही वेळ लागला. कमान दिसते ती मासा नरसाळ्यात शिरून बाहेर गेला म्हणून. कायाक नांगरून थांबलेली असेल आणि मासाही थांबलेला असेल तर कमान येतच नाही, लांबच लांब रेघ येते. आणि मोरी, पाकट यांच्या पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे ती जवळून गेली तरी पडसाद क्षीणच.

जानेवारीत एका सकाळी तात्या त्यांच्या होडीतून बाजूने आले. त्यांच्याकडे शिशाचं वजन आणि गाठी मारलेली दोरी. दोघांनी एकाच जागी खोली घेतली. तात्यांनी शिसं सोडलं, टेकल्यावर दोनदा उचलून आपटलं, बोटांनी दोरी ऐकली म्हणावं असं काहीसं केलं आणि म्हणाले, "दोन वाव. खाली फातर." पडद्यावर ३.७ मीटर आणि जाड उजळ रेघ. भाऊ खूश. तात्या पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मासो आसा इतक्याच ह्यां सांगता. तो खावक येतलो काय, तां काय सांगणा नाय." आणि भरतीची वेळ विचारली. तिथीची पाऊणपट करून उत्तर त्यांच्याकडे आधीच होतं, भावाला येतंय का ते बघत होते. पाणी चढायला लागल्यावर पहिल्या तासात त्याच फातराच्या कडेला तांबोशी लागला, सव्वा किलोचा. पुढच्या होल्डरात. ड्रॅग करकरला, त्याने वल्हं मांडीवर टाकलं, रॉड वर उचलून काढला. ट्रॅक जागचा हलला नाही.

भावाला पुढे किल्ल्याभोवती जायची हौस होती. सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात येतो. तिथे फक्त वल्हवायचं, गळ टाकायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं आणि ते पाळलं.

हंगामाअखेरीस मशीनमध्ये एकोणीस खुणा जमल्या होत्या. त्यातल्या खडकाच्या सात ठेवल्या, वाळूच्या बारा पुसल्या, कारण पावसाळ्यात नदी फुगते आणि वाळूचे पट्टे जागा बदलतात. गणपतीनंतर ते नव्याने शोधावे लागतील. जूनमध्ये बोल्ट काढून पाहिले: स्टेनलेसला काही नाही, ॲल्युमिनियमच्या ट्रॅकला मात्र बोल्टांभोवती पांढरी भुकटी धरली होती. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं. पुढच्या वेळी मध्ये नायलॉनचे वॉशर घालायचे आहेत. ट्रान्सड्यूसरचं फोमचं कडं एका बाजूने सुटायला आलंय, तेही पुन्हा करायचं आहे.

एक बदल मात्र त्याने मला न सांगता केला. मशीनच्या एककांच्या यादीत फूट आणि मीटरखाली फॅदम होता. एक फॅदम म्हणजे सहा फूट, दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, म्हणजेच आपला वाव. मेमधल्या शेवटच्या रविवारी तात्यांची होडी समोरून आली आणि त्यांनी लांबूनच हात वर करून विचारलं, "किती वाव रे झिला?"

भावाने पडद्याकडे बघून ओरडून सांगितलं, "अडीच, तात्यानू! खाली फातर!"